देशाचे ऊर्जेचे आकडे गोळा करायचेत? फॉर्म नंतर, आधी तक्ता

नवीन माणूस या कामावर आला की पहिल्याच आठवड्यात फॉर्म बनवायला बसतो, हे इतक्यांदा बघितलंय की आता हसूही येत नाही. चाळीस पानी फॉर्म, प्रत्येक इंधनाचे डझनभर रकाने, शेवटी 'शेरा' म्हणून एक मोठा चौकोन, आणि तो सगळ्या कंपन्यांना पाठवून वाट बघत बसायचं. उत्तरं येतात अर्धी, जी येतात त्यातलं काय कुठे बसवायचं ते कळत नाही, आणि वर्षाच्या शेवटी मंत्र्यांनी विचारलं की देशात डिझेल नक्की लागतं किती, तर टेबलावर तीन खात्यांचे तीन आकडे.

हा लेख अशा लोकांसाठी आहे जे नुकतेच मंत्रालयात, सांख्यिकी कार्यालयात किंवा रेग्युलेटरकडे या कामाला लागलेत आणि ज्यांच्या हातात कुणीतरी एक जुनी एक्सेल फाइल देऊन 'हे आता तुम्ही बघा' म्हणून सांगितलंय. देश कुठलाही असो, कामाचा सांगाडा बऱ्यापैकी सारखाच असतो.

पहिली पायरी: शेवटचा तक्ता आधी काढा

शेवटी जे छापायचंय त्याला एनर्जी बॅलन्स म्हणतात, म्हणजे ऊर्जेचा ताळेबंद. उभे रकाने इंधनांचे: कोळसा, क्रूड (म्हणजे कच्चं तेल), पेट्रोलियमचे पदार्थ, नैसर्गिक वायू, अणुऊर्जा, जलविद्युत, सौर-पवन, लाकूडफाटा आणि इतर जैवइंधन, वीज, उष्णता. आडव्या ओळी तीन भागांत. वर पुरवठा: उत्पादन, आयात, निर्यात, आंतरराष्ट्रीय जहाजांना आणि विमानांना दिलेलं इंधन, साठ्यातला बदल. मधे रूपांतर: वीजकेंद्रं, रिफायनऱ्या, कोक भट्ट्या, शिवाय ऊर्जा उद्योगाचा स्वतःचा वापर आणि गळती. खाली अंतिम वापर: उद्योग, वाहतूक, घरं, दुकानं-ऑफिसं, शेती, आणि ऊर्जा म्हणून न वापरलेलं इंधन, म्हणजे रस्त्याचं डांबर, वंगण, खतकारखान्यात कच्चा माल म्हणून गेलेला गॅस वगैरे.

हा तक्ता रिकामा प्रिंट करा, शक्य तेवढ्या मोठ्या कागदावर, आणि भिंतीला लावा. आता प्रत्येक चौकोनात पेन्सिलने एकच गोष्ट लिहायची, की हा आकडा कुणाकडे आहे. आकडा किती आहे ते नाही, कुणाकडे आहे ते! काही चौकोन आपोआप रिकामे राहतील (अणुऊर्जेची निर्यात असं काही नसतं), काहींवर दोन नावं येतील आणि काहींवर एकही येणार नाही. पुढचं सगळं काम या दोन प्रकारच्या चौकोनांचं आहे, जिथे दोन मालक आहेत तिथे एक ठरवायचा आणि जिथे कुणीच नाही तिथे शोधायचा किंवा सर्व्हे करायचा.

सगळं शून्यातून शोधायची गरज नाही हेही सांगून ठेवतो. कुठल्या पदार्थाला काय म्हणायचं, बॅलन्सच्या ओळी कोणत्या, कुठल्या ओळीत काय धरायचं, हे सगळं संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २०११ मध्ये मंजूर केलेल्या ऊर्जा आकडेवारीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींमध्ये आहे. त्यातच ऊर्जा पदार्थांचं एक प्रमाणित वर्गीकरणही आहे, कोडसकट. तेच घ्या. प्रत्येक नव्या साहेबाला वाटतं की आपल्या देशाची परिस्थिती वेगळी म्हणून वर्गीकरणही वेगळं हवं, पण पाच वर्षांनी शेजारच्या देशाशी तुलना करायची वेळ आली की तेच साहेब विचारतात आपले आकडे जुळत का नाहीत म्हणून.

दुसरी पायरी: घर कुणाचं ते ठरवा

म्हणजे मुख्य जबाबदारी कोणत्या संस्थेची. जगात साधारण तीन पद्धती दिसतात. नॉर्वेसारख्या देशात ऊर्जेचा ताळेबंद राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयच बनवतं. ब्रिटनमध्ये ते काम ऊर्जा खात्यातले सांख्यिकी अधिकारी करतात. अमेरिकेत १९७७ च्या कायद्याने यासाठी वेगळी संस्थाच उभी केली, एनर्जी इन्फर्मेशन अॅडमिनिस्ट्रेशन, ती ऊर्जा खात्यातच आहे पण आकडे प्रसिद्ध करायला तिला दुसऱ्या कुठल्या अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागत नाही, तसं कायद्यातच लिहिलंय. भारतात आणखी वेगळं, कोळशाचे आकडे कोळसा नियंत्रकाकडे, विजेचे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाकडे, तेलाचे पेट्रोलियम मंत्रालयाच्या नियोजन आणि विश्लेषण कक्षाकडे, आणि हे सगळं एकत्र आणून वार्षिक प्रकाशन काढतं सांख्यिकी मंत्रालय.

कुठली पद्धत चांगली यावर वाद घालत बसू नका. मंत्रालयाकडे काम असलं की क्षेत्राची जाण असते, फोन केला की रिफायनरीवाले उचलतात, पण आकडा धोरणाच्या सोयीने वाकवायचा मोह जवळ असतो. सांख्यिकी कार्यालयाकडे असलं की निःपक्षपणा आणि सर्व्हेची यंत्रणा असते, पण तिथल्या माणसाला नॅप्था आणि केरोसीनमधला फरक शिकवावा लागतो. माझं मत विचाराल तर घर कुणाचंही असो, ते एकाचंच असावं आणि ते लेखी असावं. बाकीच्या खात्यांशी करार करायचा, त्यात कुठला आकडा, कुठल्या तारखेला, कुठल्या स्वरूपात, आणि चूक सापडली तर कुणी कुणाला कळवायचं एवढं असलं तरी पुरे. तोंडी सहकार्यावर चालणारी व्यवस्था तो एक ओळखीचा अधिकारी बदली होऊन गेला की बसते.

करार झाला की एक छोटा कार्यगट करा: सांख्यिकी, ऊर्जा, कस्टम्स, कर, वाहतूक, पर्यावरण. वर्षातून दोनदा जरी बसले तरी भरपूर. पर्यावरणवाल्यांना विसरू नका, कारण हरितवायू उत्सर्जनाचा हिशोब तेच करतात आणि तो याच आकड्यांवर उभा असतो.

तिसरी पायरी: कायदा खिशात ठेवा

कंपन्या माहिती का देतील? प्रेमापोटी नाही. बहुतेक देशांत एक सांख्यिकी कायदा असतो ज्याने माहिती मागायचा अधिकार मिळतो, आणि न दिल्यास दंड. ब्रिटनमध्ये अजूनही १९४७ चा व्यापार सांख्यिकी कायदा वापरतात, भारतात २००८ चा सांख्यिकी संकलन कायदा आहे, युरोपीय संघात २००८ चं १०९९ क्रमांकाचं ऊर्जा आकडेवारीचं नियमनच आहे जे सदस्य देशांना काय काय आणि किती वेळाने द्यायचं ते बांधून देतं. तुमच्याकडे कुठला कायदा लागू होतो, त्यातलं नेमकं कलम कुठलं, ते फॉर्मच्या पहिल्या पानावर छापा. दंड करायची वेळ शक्यतो येत नाही, कलम दिसलं तरी काम होतं.

पण कायद्याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची, गुप्तता. देशात रिफायनरी एकच असेल तर 'देशाचं पेट्रोल उत्पादन' म्हणजे त्या एका कंपनीचं उत्पादन, आणि ते छापलं की तिचं गुपित फुटलं. म्हणून बऱ्याच ठिकाणी तीनपेक्षा कमी कंपन्यांचा आकडा स्वतंत्र छापत नाहीत, दुसऱ्या कशात तरी मिळवून देतात, किंवा कंपनीकडून लेखी परवानगी घेतात. परवानगी मागा, बऱ्याचदा मिळते. आणि कर खात्याने कितीही गोड बोलून मागितलं तरी एका कंपनीचा फॉर्म त्यांना द्यायचा नाही. एकदा दिलात की पुढच्या वर्षीपासून तुम्हाला मिळणारे आकडे हे कर वाचवण्यासाठी तयार केलेले असतील. संयुक्त राष्ट्रांनी १९९४ मध्ये अधिकृत आकडेवारीची मूलभूत तत्त्वं ठरवली, २०१४ मध्ये महासभेनेही त्याला दुजोरा दिला, त्यात हे स्पष्ट आहे की एकेका व्यक्तीची किंवा कंपनीची माहिती फक्त सांख्यिकीसाठीच वापरायची.

चौथी पायरी: आधीच असलेलं आधी उचला

नवा फॉर्म काढायच्या आधी सरकारकडेच काय पडलंय ते बघा. कस्टम्सकडे आयात-निर्यात असते, अबकारीकडे इंधनाची विक्री, रेग्युलेटरकडे वीज कंपन्यांची परवानापत्रं आणि मीटरचे आकडे, खाणखात्याकडे रॉयल्टीसाठी भरलेले उत्पादनाचे तक्ते. फुकटात मिळतं ते सोडू नये, पण डोळे झाकून घेऊही नये, कारण यातलं काहीही तुमच्यासाठी गोळा केलेलं नसतं.

कस्टम्सचा आकडा जहाज आलं त्या दिवसाचा नसून कागद क्लिअर झाले त्या दिवसाचा असू शकतो, त्यामुळे डिसेंबरचं तेल जानेवारीत दिसतं. शेजारच्या देशाला जाणारा माल फक्त तुमच्या बंदरातून जात असेल तर तो तुमच्या आयातीत धरायचा नाही, पण तो यादीत असतो. अबकारीचा आकडा कर भरलेल्या इंधनाचा, म्हणजे सूट असलेली मासेमारी, सैन्य, दूतावास यात बसत नाहीत. आणि रॉयल्टीसाठी सांगितलेला कोळसा खऱ्यापेक्षा कमी असायची कारणं मी सांगायला नको.

पाचवी पायरी: आता फॉर्म

हं, आता फॉर्म बनवा. पण पुरवठ्याच्या बाजूने सुरुवात करा. कारण साधं आहे, तिथे माणसं मोजकी असतात. बऱ्याच देशांत दहा-वीस कंपन्यांना गाठलं की तेल, गॅस, कोळसा आणि विजेचा बहुतेक पुरवठा हाताला लागतो, वापराच्या बाजूला मात्र लाखो घरं आणि हजारो कारखाने.

फॉर्म दोन पानांच्या वर जाऊ देऊ नका. व्याख्या फॉर्मवरच, प्रश्नाच्या शेजारी, वेगळ्या पुस्तिकेत नाही, कारण पुस्तिका कुणी उघडत नाही. आकडे मागायचे ते त्यांच्याच एककात, टन, किलोलिटर, हजार घनमीटर, मेगावॉट-तास. कंपनीला ज्यूलमध्ये रूपांतर करायला लावू नका, प्रत्येक जण वेगळ्या गुणकाने करेल आणि ती चूक तुम्हाला कधीच सापडणार नाही. त्याऐवजी त्यांच्या इंधनाचं उष्मांक मूल्य, म्हणजे एका टनात किंवा घनमीटरमध्ये किती ऊर्जा आहे ते, वेगळ्या रकान्यात मागा, रूपांतर तुम्ही करा.

साठ्याचा प्रश्न मात्र नीट विचारा, 'साठ्यातला बदल किती' असं नाही, तर सुरुवातीचा साठा आणि शेवटचा साठा असे दोन रकाने. ते पासबुकासारखं आहे, मागच्या महिन्याची अखेरची शिल्लक हीच या महिन्याची सुरुवातीची शिल्लक, जुळली नाही तर लगेच फोन. फक्त बदल विचारला की लोक अधिक-उण्याच्या चिन्हात हमखास घोटाळा करतात, कारण बॅलन्समध्ये साठा वाढला की तो पुरवठ्यातून वजा होतो आणि हे कुणालाच पहिल्यांदा पटत नाही.

आणखी काही जागा जिथे नवा माणूस अडकतो. गॅसचं उत्पादन म्हणजे विहिरीतून निघालेला सगळा गॅस नव्हे, परत जमिनीत सोडलेला आणि जागेवरच जाळून टाकलेला गॅस वजा करून जे उरतं ते. आंतरराष्ट्रीय जहाजांचं इंधन ठरवताना झेंडा कुठल्या देशाचा हे बघायचं नाही, प्रवास कुठून कुठे आहे ते बघायचं, आपल्याच देशाचं जहाज परदेशी निघालं असेल तरी ते इंधन आंतरराष्ट्रीयमध्ये, आणि परदेशी जहाज दोन स्थानिक बंदरांमधे फिरत असेल तर ते देशांतर्गत वाहतुकीत. मासेमारीच्या बोटींचं इंधन या दोन्हीत नाही, त्यांची ओळ वेगळी. विजेच्या बाबतीत कॅप्टिव्ह प्लांट विसरले जातात, म्हणजे साखर कारखाने, सिमेंट, स्टीलवाले स्वतःपुरती वीज बनवतात ती. ग्रिडच्या आकड्यात ती येत नाही. तसंच छतावरच्या सोलरचं, घरात वापरली गेलेली वीज मीटरपर्यंत येतच नाही, त्यामुळे बसवलेली क्षमता आणि त्या भागात एका किलोवॉटमागे होणारी निर्मिती यावरून अंदाज करावा लागतो.

किती वेळाने मागायचं? तेल, गॅस, वीज, कोळशाचा पुरवठा दर महिन्याला, थोडक्यात. सविस्तर वर्षातून एकदा. वापराचे सर्व्हे तीन ते पाच वर्षांनी. तेलाच्या मासिक आकड्यांसाठी आंतरराष्ट्रीय दबावही आहे, २००१ मध्ये ओपेक (तेल निर्यातदार देशांची संघटना), आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था, युरोस्टॅट (युरोपीय संघाचं सांख्यिकी कार्यालय) वगैरे सहा संघटनांनी मिळून जोडी नावाचा उपक्रम सुरू केला, बाजारात तेलाचे भाव उगाच उसळतात त्यामागे आकड्यांचा अंधार हे एक कारण आहे म्हणून. त्यात मागच्या महिन्याचा आकडा याच महिन्यात द्यायचा असतो. म्हणजे परिपूर्ण आकड्याची वाट बघायची सोय नाही, तात्पुरता द्या आणि नंतर सुधारा.

सहावी पायरी: वापराची बाजू, जिथे खरा घाम निघतो

विक्री म्हणजे वापर नव्हे, हे आधी पक्कं करा. पंपावर विकलेलं डिझेल ट्रकमध्ये गेलं, ट्रॅक्टरमध्ये गेलं, की हॉटेलच्या जनरेटरमध्ये, हे पंपवाल्याला माहीत नसतं आणि त्याला विचारण्यात अर्थही नाही. त्यासाठी वाहनांची नोंदणी, सरासरी किलोमीटर, शेतीची यंत्रं यांचा आधार घेऊन वाटणी करावी लागते आणि अधूनमधून सर्व्हेने ती तपासावी लागते. अमेरिकेत घरगुती ऊर्जावापराचा सर्व्हे १९७८ पासून चालू आहे, व्यापारी इमारतींचा आणि कारखान्यांचा वेगळा, आणि तरीही तो दर वर्षी होत नाही. तुम्हीही दर वर्षीचा हट्ट धरू नका. मोठे कारखाने, ज्यांचा वापर प्रचंड, ते सगळे घ्या, छोट्यांचा नमुना घ्या.

नमुना ज्या यादीतून काढता ती यादी ताजी आहे का तेवढं बघा. चीनचं उदाहरण सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. तिथे २०१३ च्या आर्थिक गणनेनंतर जुने कोळशाचे आकडे सुधारले, तेव्हा २०१२ चा वापर आधी सांगितल्यापेक्षा सुमारे १७ टक्के जास्त निघाला, म्हणजे जवळपास ६० कोटी टन! छोट्या कंपन्या आणि कारखाने मोजणीतनं निसटले होते.

आता लाकूडफाटा. ज्या देशात खेड्यापाड्यांत चूल पेटते तिथे ऊर्जेचा मोठा हिस्सा हाच असतो, आणि त्याची ना पावती असते ना मीटर. सर्व्हेवाला घरात जाऊन 'महिन्याला किती किलो लाकूड जाळता' विचारतो आणि बाई त्याच्याकडे बघत राहते, कारण ती किलोत जाळतच नाही, ती मोळीत जाळते, आणि तिची मोळी आणि शेजारणीची मोळी सारखी नसते. त्यामुळे उपाय एकच, हुकाचा वजनकाटा घेऊन जायचं. सकाळी ढिगातून दोन दिवस पुरेल एवढं लाकूड त्यांनाच काढायला सांगायचं, वजन करायचं, बाजूला ठेवायचं, आज फक्त यातलंच वापरा म्हणून विनंती करायची आणि बरोबर चोवीस तासांनी जाऊन उरलेलं वजन करायचं. त्या दिवशी घरात किती माणसं जेवली, पाहुणे होते का, जनावरांचं आंबोण शिजवलं का, पाणी तापवलं का, तेही लिहायचं. अशी सगळी घरं मोजणं शक्य नसतं, म्हणून मोठ्या सर्व्हेत मोळीचा प्रश्न विचारायचा आणि थोड्याच घरांत काटा न्यायचा, त्यावरून त्या भागातल्या मोळीचं सरासरी वजन काढायचं. आणि एकदा उन्हाळ्यात, एकदा थंडी-पावसात करा, एकाच मोसमाच्या आकड्याला बाराने गुणून वर्ष होत नाही.

शिवाय ओलावा. पूर्ण सुक्या लाकडाच्या एका किलोत १८ ते १९ मेगाज्यूल ऊर्जा असते, पण वजनात अर्धं पाणी असलेल्या ओल्या लाकडात ती ८ च्या आसपास येते. म्हणजे टन तेच, ऊर्जा निम्म्याहून कमी. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते काट्यासोबत द्या. आणि लोणारी कोळसा वापरात असेल तर तो रूपांतरात घ्यायचा, पारंपरिक भट्टीत एक टन कोळशामागे चार ते सात टन लाकूड जातं, ते लाकूड कुठेच दिसत नसेल तर तुमचा लाकडाचा आकडा कमी आहे.

सातवी पायरी: सगळं एका एककात

टन, लिटर, युनिट सगळं शेवटी टेराज्यूलमध्ये किंवा तेलाच्या समतुल्य टनांमध्ये आणायचं. तेलाचा समतुल्य एक टन म्हणजे ४१.८६८ गिगाज्यूल, विजेचं एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल, हे दोन पाठ करा, बाकी तक्त्यात बघा. जिथे खरी गडबड होते ती निव्वळ आणि एकूण उष्मांक मूल्यात. इंधन जळताना वाफ तयार होते, तिच्यातली उष्णता धरली तर एकूण, नाही धरली तर निव्वळ. कोळसा आणि तेलात फरक साधारण ५ टक्के, गॅसमध्ये १०. आंतरराष्ट्रीय बॅलन्स निव्वळवर चालतो आणि गॅस कंपन्या मात्र एकूणवर बिलं काढतात, त्यामुळे गॅसच्या रकान्यात सगळीकडे दहा टक्के जास्तीचं दिसलं तर कारण बहुतेक हेच. कोळशाला तर एकच सरासरी गुणक लावूच नका, खाण बदलली की दर्जा बदलतो, आयात केलेल्याचा वेगळा, स्थानिकचा वेगळा.

अणुऊर्जा आणि जलविद्युत यांची प्राथमिक ऊर्जा, म्हणजे वीज बनण्याआधीची मूळ ऊर्जा, किती धरायची ही केवळ ठरवून घेतलेली गोष्ट आहे. प्रचलित पद्धतीत अणुवीजकेंद्राची कार्यक्षमता ३३ टक्के मानून वीज तिप्पट करून उष्णता काढतात, आणि पाणी, वारा, सोलर यांची वीज आहे तशीच धरतात. म्हणून तेवढीच वीज देऊनही तक्त्यात अणुऊर्जा तिप्पट मोठी दिसते. पत्रकार यावर दर वर्षी विचारतात, उत्तर तयार ठेवा.

आठवी पायरी: ताळा बघा, आणि तो जुळला नाही तर घाबरू नका

पुरवठा वजा सगळा वापर केला की जे उरतं त्याला सांख्यिकी फरक म्हणतात. समजा डिझेलचं असं आलं, आकडे हजार टनांत आणि फक्त समजण्यासाठी: उत्पादन ५००, आयात २००, निर्यात ५०, आंतरराष्ट्रीय जहाजांना २०, साठा ६० वरून ९० वर गेला म्हणजे ३० वजा. पुरवठा झाला ६००. वापराच्या बाजूला वीजकेंद्रं ४०, वाहतूक ३९०, उद्योग ७०, शेती ४५, इतर १५, बेरीज ५६०. फरक ४०, म्हणजे साडेसहा टक्क्यांच्या वर. हे छापायचं नाही. आधी आयातीची यादी जहाजागणिक उघडा, त्यात समजा २५ शेजारच्या देशाला नुसतं पुढे गेलेलं निघालं, ते काढलं की पुरवठा ५७५, फरक १५, अडीच टक्क्यांच्या आसपास. मग साठा बघा, एखादा नवा डेपो तुमच्या यादीतच नसेल. मग जनरेटरमध्ये गेलेलं डिझेल मोजलंय का ते बघा. आणि एवढं करूनही थोडं उरलं तर ते उरू द्या, 'सांख्यिकी फरक' म्हणून उघड छापा.

हा फरक कुठल्या तरी ओळीत कोंबून शून्य करणारे लोक असतात, सहसा बिचाऱ्या 'इतर' ओळीत. करू नका. खरं तर एखाद्या इंधनाचा फरक वर्षानुवर्षं बरोब्बर शून्य येत असेल तर मला जास्त संशय येतो, त्याचा अर्थ एक बाजू मोजलेलीच नाही, दुसरीवरून काढलीय.

ताळ्याशिवाय आणखी काही साध्या चाळण्या लावा. रिफायनरीत वजनाने जेवढं आत गेलं त्यापेक्षा जास्त बाहेर येऊ शकत नाही (घनफळाने येऊ शकतं, म्हणून हिशोब टनात करा). कोळशाच्या वीजकेंद्राची कार्यक्षमता ३० ते ४५ टक्क्यांत असते, ५५ आली तर कोळसा कमी मोजलाय किंवा वीज दोनदा. आयातीचा आकडा समोरच्या देशाच्या निर्यातीशी ताडून बघा. वीज गळती २५ टक्क्यांवर जात असेल तर त्यात चोरीची वीज आहे हे लक्षात घ्या, ती खरं म्हणजे वापरच असते, पण तक्त्यात गळतीत जाते, त्याची तळटीप द्या.

नववी पायरी: छापणं आणि पाठवणं

प्रसिद्धीची तारीख वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर करा आणि ती मंत्र्यांच्या सोयीने हलू देऊ नका. ब्रिटनचं वार्षिक प्रकाशन दर वर्षी जुलैअखेरीस येतं हे त्या क्षेत्रातल्या सगळ्यांना माहीत असतं, त्याचा उपयोग असा की आकडे वाईट आले म्हणून उशीर झाला असं कुणाला म्हणता येत नाही. पहिला आकडा 'तात्पुरता' असा शिक्का मारून द्या, पुढच्या वर्षी सुधारा, आणि सुधारणा का केली ते दोन ओळींत लिहा. व्याख्या किंवा पद्धत बदलली असेल तर जुनी वर्षंही नव्या पद्धतीने परत काढा, नाहीतर मालिकेत एक पायरी दिसेल आणि कुणीतरी तिच्यावर धोरण रचेल. प्रत्येक चौकोनामागे स्रोत, गुणक आणि कुणाशी बोलून काय ठरलं याची नोंद त्याच फाइलमध्ये ठेवा, ईमेलमध्ये नाही.

मग आंतरराष्ट्रीय फॉर्म येतात. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था, युरोस्टॅट आणि युरोपसाठीचा संयुक्त राष्ट्रांचा आर्थिक आयोग मिळून पाच वार्षिक प्रश्नावल्या काढतात, तेल, गॅस, कोळसा, वीज-उष्णता आणि नवीकरणीय-कचरा अशा. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी विभागाची प्रश्नावली वेगळी, जोडीची मासिक वेगळी. या सगळ्या भरायला एकच माणूस नेमा आणि त्याला आकडे त्या भिंतीवरच्या तक्त्यातूनच घ्यायला सांगा. पेट्रोलियम खातं एक फॉर्म परस्पर भरून पाठवतं, वीज खातं दुसरा, आणि मग दोन आंतरराष्ट्रीय डेटाबेसमध्ये तुमच्याच देशाचे दोन वेगळे आकडे दिसायला लागतात. त्याचा खुलासा करणारं पत्र तुमच्याच टेबलावर येणार आहे, म्हणून प्रश्नावली कुठल्याही खात्याकडे आलेली असो, पाठवण्याआधी ती तुमच्या नजरेखालून जाईल हे त्या करारातच लिहून घ्या.